पत्र्याचा उतार

२ नोव्हेंबर १९५२, जुना जालना

वही नवी आहे. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या कारकुनाला लिहिण्याची सवय असते, पण ती पोत्यांची आणि कापसाच्या गाठींची. स्वतःचं लिहायचं म्हटलं की हात अडतो. तरी लिहितो, कारण घरात बोलायला कुणी उरलेलं नाही. शरयू आहे, पण बायको नवऱ्याशी बोलते तसं ती आता बोलत नाही. "पाणी तापलंय." "वाढू का?" संपलं.

भाद्रपदातल्या झडीत मधल्या खोलीचं माळवद बसलं. खाली आमची उमा झोपली होती. सहा वर्षांची. या गल्लीत सगळ्यांची छपरं तशीच आहेत, लाकडाच्या तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड सपाट थर. माती दिवसेंदिवस पाणी पीत राहिली आणि तुळई मोडली. याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

स्वयंपाकघर, मागची खोली आणि वर जायचा जिना तेवढा शाबूत आहे. तिथंच दिवस काढतो. आता नवं घर बांधायचं ठरवलंय. मला घराची हौस राहिलेली नाही. आभाळ भरून आलं की शरयू वर बघत बसते, ते थांबावं आणि तिनं माझ्याशी पूर्वीसारखं बोलावं, एवढ्यासाठीच बांधायचं. भिंती कुणीही बांधील. छप्पर कसलं घालायचं, एवढाच प्रश्न आहे.

९ नोव्हेंबर

रखमाजी सुतार येऊन गेला. या माणसाचा स्वभाव असा की समोरचा जे म्हणेल ते त्याला पटतं.

"कौलं घाला बाबूजी, घर थंडगार राह्यतं."

मी म्हटलं, कौलं माकडं फोडतात.

"बिलकुल फोडतात! माझ्या मेव्हण्याकडं एक साबूत न्हाई राह्यलं. मंग पत्रे टाका. जल्दी काम."

पत्रे उन्हाळ्यात तापतात.

"तापतात म्हंजे? भट्टी म्हना ना!"

स्लॅबचं काढलं तर म्हणाला, "औरंगाबादला एका वकिलानं घातलाय, म्या हात लावून बघून आल्तो. लई पक्का." जालन्यात तो घालणारा कोण, असं विचारलं तर म्हणतो, "कोनीच न्हाई." कपाळावर हात मारून घ्यायचं तेवढं राहिलं.

तेवढ्यात आतून दाराशी शरयू आली. परक्या माणसासमोर ती सहसा बोलत नाही. म्हणाली, "माळवदच करा. आणि जिना तसाच राहू द्या."

मला राहवलं नाही. म्हणालो, "ज्या मातीनं पोर गिळली तीच पुन्हा डोक्यावर घ्यायची?" आवाज चढला असावा. ती आत निघून गेली. माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच घोळतंय, की दुःखानं हिचं मन ठिकाणावर राहिलेलं नाही. जिथं घाव बसला तिथंच ती पुन्हा पुन्हा हात नेते आहे. तिच्या वतीनं आता मलाच शहाणपणानं वागलं पाहिजे.

२३ नोव्हेंबर

आज सुट्टी, म्हणून दिवसभर घरी होतो. दुपारी जेवणं झाली की ती सुपात काहीतरी निवडायला घेऊन वर जाते. रोजचंच आहे हे, असं दिसतं. उन्हं उतरेपर्यंत खाली येत नाही. मधल्या खोलीवर जे भगदाड पडलंय, त्याच्या कडेला बसत असेल. मला वर जायचा धीर होत नाही. त्या दिवसानंतर मी वर गेलेलो नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा राहून दोनदा हाक मारली. ओ आली नाही. ती खाली आली तेव्हा सूपभर तूर निवडून स्वच्छ झाली होती. एकटीनं इतकं निवडलं म्हणजे किती वेळ मान वर केली नसेल.

ती वर असताना शेजारून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. भुजंगरावाच्या माळवदावर बसतात त्या. इकडे एक बाई लेकीच्या दुःखानं कुढते आहे आणि यांना काळवेळ नाही. त्यातलं एक हसू तर इतकं ओळखीचं वाटलं की मी जिन्याशी थबकलो. मन काहीही ऐकू लागलंय.

भुजंगरावाबद्दल लिहून ठेवतो. त्याचं घर आमच्या घराला लागून, भिंत सामाईक. दोन्ही माळवदं सलग, मध्ये गुडघाभर कठडा. पुढच्या बैठकीत त्याची धान्याची अडत चालते. त्याच्या छपराची पन्हाळ आमच्या भिंतीवर गळते, हे मी त्याला सांगून सांगून थकलो होतो. "करू, करू" म्हणायचा. तुळईचं टोक ज्या भिंतीत कुजलं ती हीच भिंत. उमाच्या दहाव्याला तो भेटायला आला, तेव्हा मी भर गल्लीत त्याला सांगितलं की आजपासून तुझा माझा संबंध संपला. घरात येऊन शरयूलाही बजावलं, "त्या घराचं नाव तोंडातून काढशील तर तुला उमाची शपथ." शपथ तिनं पाळली आहे. तेव्हापासून त्या घराचं नाव तिच्या तोंडून एकदाही आलेलं नाही.

१५ जानेवारी १९५३

काल संक्रांत झाली. आमच्याकडे यंदा सण नाही, तीळसुद्धा आणले नाहीत. आज फडताळात एक पितळी वाटी दिसली, तिळाच्या लाडवांनी भरलेली. वाटी आपली नव्हे.

"कुणाची गं?"

"दिली एकीनं."

"कुणी?"

"खा की."

मी खाल्ला. ती समोर बसून बघत होती. किती दिवसांनी अशी समोर बसली! पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं, आता ती काहीतरी सांगणार. मलाच ते अवघडलेपण सोसेना. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पत्रे ठरवले. परवाच्या गाडीनं येताहेत." ती उठली आणि वाटी घासायला घेऊन गेली.

खरं तर तिनं आनंदी व्हायला हवं होतं. पत्रा हलका असतो. कोसळला तरी कुणी मरत नाही.

२ फेब्रुवारी

पुढच्या दोन खोल्यांच्या भिंती वर आल्या. आज रखमाजीनं विचारलं, "बाबूजी, उतार कोनीकडं घ्यायचा?" छप्पर एकपाखी आहे, एका बाजूला उंच आणि एका बाजूला खाली. आमच्या अंगणाकडे उतार घेता आला असता.

मी म्हटलं, "पलीकडे. भुजंगरावाकडे."

"समदं पानी त्येंच्या माळवदावर जाईन ना मंग."

"जाऊ दे."

"बराबर हाय," रखमाजी म्हणाला.

इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा भूक लागल्यासारखी वाटली. दोन भाकरी खाल्ल्या. खोटं कशाला लिहू?

२० फेब्रुवारी

पुढच्या खोल्यांत राहायला आलो आणि मागचं जुनं माळवद उतरवायला माणसं लावली. तुळया सागवानी आहेत, त्या रखमाजीच्या वखारीत ठेवल्या. जिना काढताना शरयू अंगणात येऊन उभी राहिली.

"जिना का काढताय?"

"पत्र्यावर जायचंय कुणाला? आणि कशाला?"

ती जिन्याच्या जागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी मागितलं तेवढं एकच होतं."

मी तिला समजावलं की वाळवणाला अंगण आहे, पापड-कुरडयांचं काही अडणार नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

२९ मार्च

घर पूर्ण झालं. वास्तुशांत साधीच केली. धक्क्यावरचे लोक आले होते, छपराचं कौतुक करून गेले. गल्लीतलं पहिलं पत्र्याचं घर आपलं.

शरयू माझ्या हाताला हात लावून पूजेला बसली होती, पण ती तिथं नव्हती. या महिन्यात ती आणखी खंगली आहे. पूर्वी निदान दुपारनंतर खाली यायची तेव्हा चेहरा जरा उजळलेला असायचा, हे आता आठवतं. वरचा वारा मानवत असेल. आता दिवसभर मागच्या खोलीत भुजंगरावाच्या बाजूच्या भिंतीला टेकून बसते, कधी कान लावून, डोळे मिटून. तेवढी एक भिंत जुनी आहे, मातीची. गार लागत असेल.

१९ एप्रिल

पत्रे तापायला लागले. दुपारी घरात बसवत नाही. मी दिवसभर धक्क्यावर असतो, तिथं निदान वारा असतो. ती कशी राहते देव जाणे. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टॉनिक दिलं आणि म्हणाले, बाईंना जरा माणसांत मिसळू द्या. मी म्हटलं, ती कुणाकडे जातच नाही हो, तिला कुणी मैत्रीणच नाही. शरयू मान खाली घालून ऐकत होती. परत येताना टांग्यात ती रडली. मी विचारलं, काय झालं? "काही नाही," म्हणाली.

मी काय करू? घर बांधलं. सुरक्षित छप्पर दिलं. अंगात होतं नव्हतं ते सगळं यात घातलं. आणि ती माझ्या डोळ्यांदेखत विझत चालली आहे.

२६ एप्रिल

वळवाचा पाऊस झाला. पाऊण तासच, पण जोराचा. पत्र्यांवर असा आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, अर्थात आमच्याकडे ऐकू येण्यासारखं बोलणं आहे कुठे? आपल्या घरात एक थेंब नाही. सगळं पाणी धो धो भुजंगरावाच्या माळवदावर. त्याच्या बैठकीत गळती लागली, ज्वारीची पोती भिजली. गल्लीत उभा राहून ओरडत होता. मी दार उघडलं नाही.

शरयू म्हणाली, "त्यांची माती वाहून जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे ना." ती म्हणाली, "तुम्हाला कळत नाही." मला काय कळत नाही, ते मात्र सांगितलं नाही.

८ मे

धक्क्यावर निरोप आला, लवकर घरी या. आलो तर शरयू अंथरुणावर, तळपाय आणि तळहात पोळलेले. कातडी सुटलेली.

रखमाजीच्या माणसांनी शिडी अंगणातच टाकली होती. भर दुपारी ती शिडी लावून पत्र्यावर चढली. अनवाणी. निम्म्या उतारावर पाय पोळले, तिथंच बसली, हात टेकले तर हात पोळले. ना पुढे जाता येई ना मागे. किंचाळणं ऐकून भुजंगराव स्वतः त्याच्या माळवदावरून आला, पत्र्यावर भिजवलेली पोती टाकली आणि तिला उचलून खाली आणलं. गल्लीतल्यांनी सांगितलं. मी त्याच्याकडे गेलो नाही.

माझ्या मनात जे आलं ते लिहायला हात धजत नाही. मी तिला विचारलं, "जीव द्यायचा होता का तुला?"

"नाही."

"मग वर कशाला गेलीस?"

भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "द्वारकाबाईंकडे चालले होते." आणि मग, "शपथ मोडली मी." आणि तोंडावर पोळलेला हात घेऊन रडू लागली.

द्वारकाबाई म्हणजे भुजंगरावाची बायको. त्यांच्याकडे ही कशाला जाईल? तापात बरळते आहे असं मला वाटलं. पण कपाळाला हात लावून पाहिला तर ताप नव्हता.

११ मे

सकाळी कामावर निघत होतो तर दारात द्वारकाबाई. डोक्यावरून पदर, हातात कोरफडीची पानं, मागे त्यांची म्हातारी नोकरीण. या घराण्यातली बाई उजेडी गल्लीतून चालत आलेली मी आजवर पाहिली नव्हती. समोरच्या ओट्यावरची माणसं उभी राहून बघत होती.

त्या सरळ आत गेल्या. शरयूनं त्यांना पाहिलं आणि जे बोलू लागली, ते थांबेचना. मी दाराबाहेर उभा. माझ्या बायकोचा आवाज मी ऐकत होतो. उमाला कारल्याची भाजी आवडायची, हे मला माहीत नव्हतं. उमा झोपेत कुणाचं नाव घ्यायची, तेही मला माहीत नव्हतं.

जाताना द्वारकाबाई माझ्याकडे पाठ करून, दाराआडून बोलल्या. "भावजी, माझी दोन लेकरं गेली. एक देवीनं अन् एक अशीच. म्हनून तिला माझ्यापाशी बोलता येत व्हतं. रोज यायची कठडा वलांडून. निवडन-टिपन करीत बसायचो. रडायची, मंग हसायची बी. तुमचं बी बोलायची."

"माझं काय?"

"ते तिलाच इचारा."

मी म्हटलं, तुम्ही येत जा रोज, हे घर तुमचंच आहे.

"दारानं कसं येऊ? बैठकीत मानसं असतात, समोर गल्ली. आज आले तर घरात किती ऐकावं लागन ते माझं मला ठाव. आमच्यात बाया वरूनच जातात येतात. माळवदावर कोन इचारतं, कुठं चालली म्हनून?"

त्या गेल्या. मी कामावर गेलो नाही. संक्रांतीची वाटी, निवडलेली तूर, ते हसू. सगळं माझ्या डोळ्यांसमोरच होतं. मी तिच्यावर छप्पर घातलं ते तिची वाट बुजवून. आणि वर उतारही त्यांच्याच अंगावर सोडला. मला माझीच शिसारी येते आहे.

१४ मे

रखमाजीकडे जाऊन आलो. मागच्या खोलीचे पत्रे काढायचे आणि तिथं पुन्हा माळवद घालायचं. जुन्या तुळयांतल्या तीन अजून चांगल्या आहेत. वर नवी माती, बेताची, आणि जिना होता तिथंच.

"माळवदच बराबर हाय बाबूजी," रखमाजी म्हणाला. "मी पैल्यापासून म्हनत व्हतो." मला हसू आलं. किती दिवसांनी.

घरी येऊन शरयूला सांगितलं. तिचे पाय मांडीवर घेऊन कोरफड लावत होतो. ती म्हणाली, "खरंच?" मी म्हटलं, "मिरगाच्या आधी. तुझे पाय बरे व्हायच्या आत." तिनं माझ्या मनगटाला हात लावला. तळहात पोळलेला आहे म्हणून हाताच्या मागच्या बाजूनं. मग म्हणाली, "तुमचं सांगत होते मी त्यांना, की तुम्ही तेव्हापासून एकदाही रडला नाहीत. भीती वाटते मला." मला तिला सांगायचं होतं बरंच. पण पुरे झालं आजच्यासाठी, म्हटलं. आता दिवस आहेत.

१७ मे

औषध आणायला गेलो होतो. परतलो तर गल्लीभर पांढरी धूळ. भुजंगरावाच्या माळवदावर माणसं चढलेली, कुदळी चालू, मातीच्या पाट्या खाली रिकाम्या होत होत्या. ओट्याला टेकून नवे कोरे पत्रे उभे. आणि वर रखमाजी. मला बघून ओरडला, "बाबूजी, तुमचं बी करू! आधी ह्यांचं उरकून घेतो!"

मी बैठकीत गेलो. त्या दहाव्यानंतर पहिल्यांदा. भुजंगराव उठून उभा राहिला, "या" म्हणाला, बसायला गादी सरकवली. मी उभ्यानंच म्हणालो, "थांबवा हे. हात जोडतो."

"आता कसं थांबवू, नरहरराव? अर्धं उघडं पडलंय वर. तुमच्या पत्र्याचं पानी एका वळवात बैठकीत आलं. मिरगाला किती येईन? किती माती टाकू? जितकी टाकीन तितकं वझं." मग खालच्या आवाजात म्हणाला, "खाली लेकरं झोपतात माझी. तुमच्या घरचं बघितलंय ना म्या."

मी म्हटलं, उतार बदलतो, पत्रे काढतो. तो म्हणाला, "तुमी उद्या बदलाल. माझी तर फळी न् फळी उसवली." मग मी द्वारकाबाईंना दारानं पाठवण्याबद्दल बोललो. त्याची मान खाली गेली. "त्या दिशी आली ते आली. पुन्हा न्हाई. आमच्यात चालत न्हाई ते." रागानं नाही म्हणाला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. गादी पुन्हा सरकवत म्हणाला, "बसा ना." मी निघालो.

घरी शरयू अंथरुणावर बसली होती, भिंतीला टेकून, पायांना फडकी गुंडाळलेली. पलीकडे घाव बसला की भिंत हादरत होती आणि तिच्या खांद्यावर माती झरत होती.

"कुणाचं माळवद काढतायत?" तिनं विचारलं.

"लांब आहे," मी म्हणालो. "खालच्या आळीत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, आणि तरीही तिनं मला खोटं बोलू दिलं.

"बरं," ती म्हणाली, आणि भिंतीपासून सरकून बसली.